रक्तातलं कॅल्शियम नॉर्मल असताना १२५० ची गोळी कशाला?

रक्ताच्या रिपोर्टमध्ये कॅल्शियम ९.४ (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर) आलंय, तरी १२५० मिलिग्रॅमची गोळी लिहून दिली, ती जास्त होणार नाही का, असं तुम्ही विचारलंय. आधी रिपोर्टचं बघू, कारण खरा गैरसमज तिथेच आहे.

हा आकडा जेवणातून कॅल्शियम पुरेसं मिळतंय की नाही हे सांगत नाही. शरीरातलं सुमारे ९९ टक्के कॅल्शियम हाडांत आणि दातांत असतं. रक्तातल्या थोडक्या कॅल्शियमवर हृदयाचे ठोके, स्नायूंचं आकुंचन, रक्त गोठणं चालतं, म्हणून शरीर ती पातळी साधारण ८.५ ते १०.५ च्या आत धरून ठेवतं. आहारातून कमी आलं की मानेतल्या पॅराथायरॉइड ग्रंथी जास्त हार्मोन सोडतात. ते हाडांतून कॅल्शियम काढून रक्तात आणतं आणि लघवीवाटे जाणारं अडवतं. म्हणजे रिपोर्ट वर्षानुवर्षं नॉर्मल आणि हाड मात्र हळूहळू पोकळ होतंय, असं होऊ शकतं. हाडांची घनता बघायची तर डेक्सा स्कॅन लागतो.

आता गोळी. १२५० हे बहुतेक वेळा कॅल्शियम कार्बोनेटचं वजन असतं. त्यात प्रत्यक्ष कॅल्शियम ४० टक्के, म्हणजे ५०० मिलिग्रॅम. कॅल्शियम सायट्रेट या दुसऱ्या प्रकारात ते जेमतेम २१ टक्के. पाकिटावर ‘एलिमेंटल कॅल्शियम’ (म्हणजे हेच प्रत्यक्ष कॅल्शियम) किती लिहिलंय तेच वाचा, पाकिटावर समोर छापलेला मोठा आकडा सोडून द्या.

गरज किती ते देशागणिक थोडं बदलतं, पण प्रौढांसाठी दिवसाला १००० मिलिग्रॅम आणि पन्नाशीनंतर बायकांसाठी १२०० हा आकडा धरून चालायला हरकत नाही. आधी जेवणातलं मोजा. २०० मिली दुधात साधारण २४० मिलिग्रॅम, वाटीभर दह्यात १५० च्या आसपास, बाकी धान्य-डाळी-भाज्यांचे मिळून २०० ते ३००. बेरीज ६०० च्या आसपास जाते, म्हणजे १००० च्या गरजेत तुटवडा ४०० चा. तुमची एक गोळी तो भरून काढते, दुसरीची गरज नाही. पालक मात्र या हिशेबात धरू नका. त्यात कॅल्शियम भरपूर असतं, पण पालकातल्याच ऑक्झलेट नावाच्या घटकाला बांधलेलं असल्यामुळे जेमतेम ५ टक्के शोषलं जातं. दुधातलं ३० टक्क्यांच्या आसपास. मेथी आणि कोबीची अडचण तशी नाही.

घेण्याची पद्धत चुकली की गोळी वाया जाते. एका वेळी ५०० पेक्षा जास्त घेतलं तर शोषणाचं प्रमाण घसरतं. कार्बोनेटला पोटातलं आम्ल लागतं, म्हणून ती जेवणाबरोबरच घ्या. अ‍ॅसिडिटीची गोळी रोज चालू असेल तर डॉक्टरांना सायट्रेटबद्दल विचारा, ते रिकाम्या पोटीही चालतं. थायरॉइडची गोळी आणि कॅल्शियम यांत चार तास सोडा. लोहाची गोळीही वेगळ्या वेळी घ्या. सकाळी सगळ्या गोळ्या एकदम घशाखाली ढकलायची सवय असेल तर ती मोडाच, नाहीतर थायरॉइडचा डोस बरोबर असूनही रिपोर्टमध्ये टीएसएच (थायरॉइडच्या तपासणीतला हार्मोन) वाढलेला दिसतो. ड जीवनसत्त्व कमी असेल तर आतड्यातून कॅल्शियम नीट उचललं जात नाही, तेही तपासून घ्या. बद्धकोष्ठ झालं तर तो कार्बोनेटचा नेहमीचा त्रास आहे. पाणी वाढवा, नाही जमलं तर सायट्रेट.

मूतखड्याच्या भीतीने दूध-दही सोडणं उलट नुकसानीचं ठरतं. आहारातलं कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला पकडतं, त्यामुळे खडे होण्याचा धोका कमी होतो. रिकाम्या पोटी घेतलेल्या गोळ्यांनी तो वाढू शकतो. पूर्वी खडा झाला असेल किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर गोळीबद्दल डॉक्टरांना आधी सांगा. आणि पुढच्या तपासणीत कॅल्शियम १०.५ च्या वर आलं तर गोळी थांबवून डॉक्टरांना कळवा. अशा वेळी पीटीएचची, म्हणजे वर सांगितलेल्या पॅराथायरॉइड हार्मोनची तपासणी करावी लागते.