स्वभाव बदलतो, पण किती?

प्रश्न : मुलगा 23 वर्षांचा. ओला टॉवेल पलंगावर, मोबाइलचं बिल कायम तारीख उलटल्यावर. सासूबाई म्हणतात, लग्न करून द्या, येईल ताळ्यावर. खरंच येईल? – एक आई, सांगली

एखाद्या मुलीचं आयुष्य त्याच्या शिस्तीसाठी पणाला लावू नका, ही माझी पहिली विनंती. 2013 साली 62 देशांतल्या तरुणांची तुलना झाली. जिथे मुलं लवकर कामाधंद्याला लागतात, तिथे जबाबदारपणाही लवकर येतो, असं त्यात दिसलं. कारण उघड आहे. कामावर उशीर झाला की कुणीतरी जाब विचारतं. घरी टॉवेल तुम्ही उचलता. तो उचलू नका. घराचं लाइटबिल त्याच्याकडे सोपवा, आणि मुख्य म्हणजे आठवण करू नका. एखाद्या महिन्यात दंड बसेल, बसू द्या.

प्रश्न : वय 27. अबोल आहे, मुलाखतीत घाम फुटतो. ‘स्वभावाला औषध नाही’ हेच ऐकत आलो. – एक वाचक, नाशिक

या म्हणीत निम्मंच तथ्य आहे. शाळेत सगळीच मुलं उंच होतात, पण रांगेतला क्रम फारसा हलत नाही. स्वभावाचंही बरंचसं तसंच. रॉबर्ट्स आणि डेलव्हेकिओ या मानसशास्त्रज्ञांनी 2000 साली 152 अभ्यास एकत्र तपासले. हा क्रम टिकण्याचं प्रमाण (तंतोतंत टिकला तर 1) बालपणी 0.31, कॉलेजच्या वयात 0.54 आणि तिशीत 0.64 निघालं. म्हणजे तिशीतही बरीच हालचाल शिल्लक असते. शिवाय विशी ते चाळिशी याच काळात सरासरी माणूस सर्वांत जास्त बदलतो : अधिक शिस्तशीर होतो, मनाने स्थिर होतो.

तुमचं अबोल असणं हा दोष नाही, ते राहू द्या. घाम फुटतो तो भीतीने, आणि भीती कमी होते. समुपदेशनाने सर्वांत जास्त फरक पडतो तो याच बाबतीत. मात्र नुसतं ठरवून भागत नाही. स्वभाव बदलू पाहणाऱ्या विद्यार्थ्यांवरच्या प्रयोगांत, ठरवलेली छोटी कामं ज्यांनी खरोखर केली, तेच बदलले. तेव्हा येत्या आठवड्यात प्रत्येक मीटिंगमध्ये एक प्रश्न विचारा, आधी कागदावर लिहून नेलात तरी चालेल.

प्रश्न : मी 31 वर्षांची. उशीर झाला का? – पुणे

नाही. तिशीत स्वभाव प्लास्टरसारखा घट्ट होतो, असं अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी 1890 मध्ये लिहिलं होतं. नंतरच्या दीर्घ अभ्यासांत चाळिशी-पन्नाशीतही बदल दिसले आहेत.