पहिला योयो कोणता घ्यावा? मेटलचा की प्लास्टिकचा?

अकरा वर्षांच्या भाच्याला वाढदिवसाला योयो द्यायचाय, आणि मेटल घ्यावा की प्लास्टिक यावर तुमचं अडलंय. प्लास्टिकचा घ्या. पण त्याआधी एक गोष्ट बघा: तो रिस्पॉन्सिव्ह आहे का? म्हणजे हाताला झटका दिला की वर येतो का?

हे विचारायचं मला सुचलं नव्हतं. चार वर्षांपूर्वी मी हौसेनं ॲल्युमिनियमचा योयो मागवला, निळा-सोनेरी, अगदी दागिना. खाली टाकला, झकास फिरला. मी हात झटकला, तर साहेब तिथंच! दोरीच्या टोकाला गरगर फिरतायत, वर यायचं नाव नाही. तीन दिवस हातानं दोरी गुंडाळत बसलो आणि शेवटी माल खराब म्हणून परत पाठवायला निघालो. माल ठणठणीत होता. तो अनरिस्पॉन्सिव्ह निघाला. त्यात बेअरिंग, म्हणजे दोरी जिच्यावर बसते ती मधल्या दांड्यावरची फिरती कडी, रुंद असतं, त्यामुळे दोरीला दोन्ही बाजूंनी मोकळी जागा मिळते आणि नुसत्या झटक्यानं ती पकडली जात नाही. वर आणायला दोरीची एक घडी खोबणीत सारून अडकवावी लागते. याला बाइंड म्हणतात. स्पर्धेत दोरीवरच्या करामती करणारे मुद्दाम असाच वापरतात, कारण मध्येच योयो वर उसळला तर सगळा डाव मोडतो. नवशिक्याला मात्र तो रडवतो.

रिस्पॉन्सिव्हमध्ये बेअरिंग अरुंद असतं. झटक्यानं सैल पडलेली दोरी आतल्या रबरी पट्ट्यांना घासते, अडकते आणि योयो गुंडाळत वर येतो.

जत्रेतला स्वस्त योयोही वर येतोच की, असं वाटेल. येतो, पण त्यात बहुतेक वेळा दोरी दांड्याला गाठ मारून बांधलेली असते. खाली गेला की लगेच वर, दुसरं काही करता येत नाही. चांगल्या योयोत दोरीचा पीळ टोकाशी उलगडून केलेला फास दांड्याभोवती नुसता अडकवलेला असतो, म्हणून तो खाली फिरत राहतो. फिलिपिन्सहून अमेरिकेत गेलेल्या पेद्रो फ्लोरेसनं १९२८ साली कॅलिफोर्नियात योयोचा धंदा काढला, तो अशाच फासाच्या दोरीचा.

आकार फुलपाखरी घ्या, म्हणजे मधली खोबण बाहेरच्या बाजूला पसरत गेलेला. फिरता योयो दोरीवर झेलायला तो सोपा पडतो. गोलसर आकार समोर फेकून परत आणायच्या लूपिंगसाठी बरा, पण मुलांना आधी दोरीवरचेच खेळ हवे असतात. डंकनचा बटरफ्लाय एक्सटी किंवा योयोफॅक्टरीचा स्पिनस्टार, दोन्ही चालतील. योयोफॅक्टरीच्याच 'वन'बरोबर दोन्ही प्रकारची बेअरिंग येतात, त्यामुळे भाचा तयार झाला की नुसतं बेअरिंग बदलायचं. योमेगाचा ब्रेन मी घेणार नाही. त्यातला क्लच वेग कमी झाला की योयो आपोआप वर आणतो. पहिल्या दिवशी मजा येते, पण झटका कधी द्यायचा हे हाताला कळतच नाही.

मेटलऐवजी प्लास्टिक घेऊन वाचलेल्या पैशांत पॉलिएस्टरच्या डझनभर दोऱ्या घ्या, त्या झिजतात. दोरी मोठ्या माणसाच्या मापाची येते, म्हणून योयो जमिनीवर ठेवून दोरी सरळ वर ताणा, भाच्याच्या बेंबीशी नवी गाठ मारा आणि वरचा तुकडा कापून टाका. हे राहिलं तर योयो फरशीवर आपटणारच. बोट मधलं, आणि त्यात सरकता फास. गाठीचं वेटोळं तसंच बोटात घालू नका, त्यातून दोरी ओढून फास करा.

टाकताना तळहात वर, दंड फुगवून दाखवल्यासारखा हात, आणि तिथून जोरात खाली. नुसता सोडून देऊ नका. भोवऱ्याला जाळी गुंडाळून फेकलेल्या माणसाला हे पटकन जमतं, तेव्हा घरात कुणी आजोबा-मामा असतील तर त्यांना कामाला लावा. मधूनमधून फास बोटातून काढून योयो लोंबकळता सोडा, म्हणजे दोरीचा जास्तीचा पीळ निघून जातो. पीळ फार चढला तर चांगला योयोही नीट चालत नाही.

आणि टीव्हीसमोर उभं राहू देऊ नका. आमचा टीव्ही वाचला, पण हॉलमधल्या फरशीचा टवका उडालाय, तो अजून तसाच आहे.