चोरीच्या संशयावरून बहिणीला दुकानात तासभर बसवून ठेवले. इजा झालेली नसताना नुकसानभरपाई मागता येते का?

तुमच्या प्रश्नातील हकिकत थोडक्यात अशी आहे: तुमची २० वर्षांची बहीण नागपुरातील बर्डीवरील (सीताबर्डी) एका कपड्यांच्या दुकानातून बाहेर पडत असताना सुरक्षारक्षकाने तिचा दंड धरला, मोबाईल काढून घेतला आणि तिला मागच्या खोलीत तासभर बसवून ठेवले, पिशवीत काहीच सापडले नाही, तेव्हा ‘माझी काही तक्रार नाही’ अशी चिठ्ठी लिहून घेऊन सोडून दिले. पोलिसांनी ‘लागलेले नाही, दाराला कडी नव्हती, मग तक्रार कसली?’ असे म्हणून तुम्हाला परत पाठवले. मी नागपुरात दिवाणी बाजूची वकिली करतो, त्यामुळे मुख्यतः त्या अंगानेच उत्तर देतो. भरपाई मागता येते, आणि त्यासाठी अंगावर वळ असावा लागत नाही.

अपकृत्य म्हणजे दुसऱ्याच्या हक्कांचा भंग करणारे, ज्याची दिवाणी न्यायालयात भरपाई मागता येते असे कृत्य. अपकृत्य कायद्याचा हा भाग आपल्याकडे कोणत्याही एका अधिनियमात बांधलेला नाही. तो न्यायनिर्णयांतून घडला असून इंग्लंडच्या जुन्या निवाड्यांचा आधार आपली न्यायालये आजही घेतात. तेथील सरन्यायाधीश होल्ट यांनी १७०४ मध्येच सांगून ठेवले आहे की रागाने केलेला किंचितसा स्पर्शही अंगावर हात टाकणेच ठरतो. बाजारातल्या गर्दीत लागलेला धक्का त्यात मोडत नाही. पण निघालेल्या मुलीला थांबवण्यासाठी तिचा दंड पकडणे निश्चितच मोडते. शरीरावर आणि हिंडण्याफिरण्यावर असलेला हक्क भंगला की दाव्याला कारण मिळते. इजा किती झाली, हा प्रश्न भरपाईची रक्कम ठरवताना येतो.

कडीचा मुद्दा तर अगदीच तकलादू आहे. इंग्लंडमधील १९१९ च्या मीअरिंग खटल्यात एका विमान कारखान्यातील कामगाराला वॉर्निश चोरल्याच्या संशयावरून कार्यालयात बसवले होते आणि बाहेर कंपनीचे पहारेकरी उभे होते. आपल्याला जाऊ दिले जाणार नाही हे त्याला ठाऊकही नसेल, तरी तो अवैध बंदिवासच ठरतो, असे मत अपील न्यायालयात मांडले गेले. तुमच्या बहिणीला तर ते पुरेपूर ठाऊक होते. दारात रक्षक उभा आणि मोबाईल टेबलाच्या खणात, अशा स्थितीत ‘ती उठून जाऊ शकत होती’ हा बचाव मला टिकेलसा वाटत नाही. मात्र एकच वाट अडवून दुसरी मोकळी ठेवली असेल, तर तो बंदिवास होत नाही, हे १८४५ च्या बर्ड विरुद्ध जोन्स या निवाड्यात ठरले आहे. म्हणून त्या खोलीला दुसरे दार होते का, हे तिला आधी विचारून घ्या.

दुकानदार बहुधा म्हणेल की संशयिताला थांबवण्याचा आम्हाला अधिकार आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४० नुसार खाजगी व्यक्तीला अटक करता येते ती तिच्यासमक्ष दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा घडला असेल तर किंवा समोरची व्यक्ती फरारी घोषित गुन्हेगार असेल तर. त्यानंतरही विनाकारण वेळ न लावता, जास्तीत जास्त ६ तासांत, तिला पोलिसांच्या ताब्यात द्यावे लागते. नुसता संशय यात बसत नाही. शिवाय ५,००० रुपयांपेक्षा कमी किमतीच्या मालाची चोरी नव्या संहितेच्या अनुसूचीत अदखलपात्र व जामीनपात्र आहे, त्यामुळे एखाद्या कुर्तीसाठी असा अधिकार सांगणे आणखीच अवघड आहे. रक्षकाचा गणवेश त्याला पोलिसाचे अधिकार देत नाही.

चिठ्ठीची धास्ती बाळगू नका. बेकायदा अडवून ठेवणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १२६ आणि १२७ खाली गुन्हा आहे, तोही दखलपात्र; आणि दंडनीय कृत्याच्या दबावाखाली मिळवलेली संमती भारतीय करार अधिनियम, १८७२ प्रमाणे जबरदस्तीची ठरते, ती बहिणीला नाकारता येते. उलट ती चिठ्ठी दुकानाने हजर केली, तर आपली बहीण तेथे होती हे त्यांच्याच कागदावरून सिद्ध होईल. दुकानाला पाठवायच्या कायदेशीर नोटिशीत ती चिठ्ठी स्पष्ट शब्दांत नाकारा आणि त्या दिवसाचे सीसीटीव्ही चित्रण जपून ठेवण्याची मागणी करा. हे याच आठवड्यात करा, कारण अशी चित्रणे आपोआप पुसली जातात आणि नंतर कितीही पत्रव्यवहार केला तरी परत मिळत नाहीत.

दावा तुम्हाला तुमच्या नावाने लावता येणार नाही. अपकृत्य बहिणीच्या शरीराविरुद्ध घडले आहे आणि ती सज्ञान आहे, म्हणून वादी तीच. प्रतिवादी म्हणून रक्षक, त्याला पुरवणारी एजन्सी आणि दुकानाचा मालक या तिघांनाही जोडा, नाहीतर प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवेल. अवैध बंदिवासाच्या भरपाईसाठी मुदत अधिनियम, १९६३ ने सुटकेपासून फक्त १ वर्ष दिले आहे. लोकांसमोर ‘चोर’ म्हटले असेल, तर त्या बदनामीच्या दाव्यालाही १ वर्षच आहे. पोलिसांकडील अर्जाचा निकाल लागेपर्यंत थांबण्यात ही मुदत निघून जाते.

‘थेट हायकोर्टात जा’ असा सल्ला तुम्हाला कोणीतरी देईलच. निर्दोष सुटूनही तुरुंगात ठेवलेल्या रुदुल शाह यांच्या प्रकरणात १९८३ मध्ये ३५,००० आणि बेकायदा अटकेत ठेवलेले आमदार भीमसिंग यांच्या प्रकरणात १९८५ मध्ये ५०,००० रुपये सर्वोच्च न्यायालयाने देवविले, पण ती प्रकरणे सरकारविरुद्ध होती. खाजगी दुकानाविरुद्ध हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठात रिट (मुख्यतः सरकारी यंत्रणेविरुद्ध करायची याचिका) करण्यात अर्थ नाही. घटना नागपुरात घडली असल्याने दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १९ नुसार दावा येथील दिवाणी न्यायालयातच लावता येईल. रकमेबाबत मात्र मोठी अपेक्षा ठेवू नका. आपली न्यायालये अशा दाव्यांत हात आखडता घेतात आणि निकालाला वर्षे लागतात; बहुतेकदा नोटिशीनंतर लेखी माफी आणि काही रक्कम यावर तडजोड होते, आणि बहिणीची तयारी असेल तर ती वाईट नसते.

वकिलाच्या फीची अडचण असेल तर सिव्हिल लाइन्समधील जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे तिने अर्ज करावा; स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता तेथे मोफत वकील मिळतो.