आधी चार ट्रॅकमध्ये बसवून दाखव

अरे,

तुझे तिन्ही डेमो ऐकले, दोन-दोनदा ऐकले. आवाज भारी जमलेत, पण गाणं कुठंय तेच सापडेना. परवा फोनवर म्हणालास ना की बीटल्ससारखं काहीतरी एक्सपेरिमेंटल करायचंय, म्हणून हे लिहायला बसलोय, लांबेल जरा पण नीट वाच.

आज रात्री हेडफोन लावून बीटल्सचं 'टुमॉरो नेव्हर नोज' ऐक. त्यांच्या 'रिव्हॉल्व्हर' अल्बममधलं शेवटचं गाणं, पण रेकॉर्डिंग सगळ्यात आधी याचंच सुरू झालं, एप्रिल 1966, लंडनचा अ‍ॅबी रोडवरचा स्टुडिओ. जवळजवळ अख्खं गाणं एका सी कॉर्डवर उभं आहे आणि खाली चक्क तंबोरा आहे. आपल्याला षड्ज धरून तासभर गाणारे माहितीयेत त्यामुळे त्यात विशेष वाटणार नाही, पण तेव्हाच्या इंग्लिश पॉपमध्ये तीन मिनिटं कॉर्ड हलवायचीच नाही हे मोठं धाडस होतं. वरून जे चित्रविचित्र आवाज येतात ते लूप, म्हणजे खरोखरचा टेपचा तुकडा, दोन टोकं चिकटवून गोल केलेला. बँडमधल्या पॉलने घरी बनवून आणलेले. पाच लूप वेगवेगळ्या मशीनवर फिरतायत, स्टुडिओतली माणसं पेन्सिलीत टेप अडकवून ताणून धरून उभी आहेत आणि इकडे हाताने फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायचे सरकते खटके, वर-खाली चाललेत, म्हणजे तोच मिक्स परत करायचा म्हटलं तर जमणारच नाही. तो सीगलसारखा आवाज ऐकशील ना, ते पॉलचं हसणं आहे, वेग वाढवलेलं!

आता मुद्द्याचं. हे गाणं गाणाऱ्या जॉनने अमुक मशीन लावा असं सांगितलंच नाही, त्याला डोंगरावरून दलाई लामा मंत्र म्हणतायत असा आवाज पाहिजे होता. मग साउंड इंजिनिअर जेफ एमरिकने, वय वर्षं 20 फक्त, त्याचा आवाज हॅमंड ऑर्गनच्या फिरत्या लेस्ली स्पीकरमधून काढला. ड्रमर रिंगोच्या बेस ड्रममध्ये स्वेटर कोंबला आणि माइक नियम मोडून अगदी जवळ नेला. आधी डोक्यात चित्र, मशीन नंतर. तू प्लगइन, म्हणजे ते आवाज बदलणारं सॉफ्टवेअर, आधी घेतोस आणि मग ते कुठे चिकटवायचं ते शोधत बसतोस, तिसऱ्या डेमोत तर सरळसरळ दिसतंय.

जॉनला आपलाच आवाज दोनदा गाऊन जुळवायचा कंटाळा यायचा, म्हणून स्टुडिओतल्या केन टाउन्सेंड या इंजिनिअरने त्याच सुमारास टेपनेच आवाज डबल करायची युक्ती काढली, एडीटी म्हणजे आर्टिफिशियल डबल ट्रॅकिंग. आज तू एक बटण दाबून व्होकल जाड करतोस त्याचं मूळ तिथे आहे. 'स्ट्रॉबेरी फिल्ड्स' या त्यांच्याच गाण्यात तर दोन टेक, म्हणजे एकाच गाण्याची दोन रेकॉर्डिंग, वेग वेगळा, पट्टी वेगळी, जॉनला एकाची सुरुवात आवडली आणि दुसऱ्याचा शेवट, मग त्यांचा प्रोड्युसर जॉर्ज मार्टिन आणि एमरिकने टेपचा वेग कमीजास्त करून जोडले. साधारण एका मिनिटाला जोड आहे, सापडतो का बघ. आणि हे सगळं चार ट्रॅकच्या मशीनवर, म्हणजे टेपवर वेगवेगळे आवाज ठेवायला चारच जागा, त्यामुळे दर वेळी काय ठेवायचं नि काय सोडायचं ते तिथल्या तिथे ठरवावं लागायचं.

तुझ्या प्रोजेक्टमध्ये 63 ट्रॅक आहेत, मी मोजले. दुसरा डेमो घे, तो पावसाचा, त्याची चाल खरंच चांगली आहे. नुसत्या गिटारवर गाऊन बघ, मग चार ट्रॅकमध्ये बसव आणि रविवारी घेऊन ये. पावसाचा आवाज मात्र नेटवरून उचलू नकोस, तुमच्या गच्चीवरच्या पत्र्याचा रेकॉर्ड कर.

तुझा दादा