कोड्यांची सुरुवात कुठून करावी?

बुद्धिबळाची कोडी हाती घेतलीत, फार छान! सध्या सोपीच घ्या: एका-दोन चालींत मात, घोड्याचा दुहेरी हल्ला, पिन (मागे मोठं मोहरं असल्यामुळे पुढचं मोहरं जखडून राहतं ती स्थिती). नवे खेळाडू हमखास पहिली दिसलेली चाल खेळून टाकतात, नाहीतर रेटिंगसाठी घड्याळाशी शर्यत लावतात. दोन्ही टाळा. मोहऱ्याला हात लावण्याआधी क्रमाने पाहा:

- शह कुठे देता येतो?
- काय मारता येतं?
- धमकी कोणती देता येते?

मग समोरच्याचं सर्वांत चिवट उत्तर शोधा. चुकलेलं कोडं आठवड्याने पुन्हा सोडवा, खरी प्रगती तिथेच होते.

एंडगेममध्ये, म्हणजे पटावर थोडीच मोहरी उरलेल्या शेवटच्या टप्प्यात, आधी फक्त राजा-प्यादं विरुद्ध एकटा राजा. पांढरा राजा सहाव्या रांगेत आणि प्यादं बरोबर त्याच्या मागे पाचव्या रांगेत असेल, तर चाल कुणाचीही असो, पांढराच जिंकतो. अपवाद अगदी कडेच्या पट्टीतल्या प्याद्याचा. हे खऱ्या पटावर मांडून दोन्ही बाजूंनी खेळा. मग बुद्धिबळपटू रिचर्ड रेटीचं १९२१ चं कोडं बघा, राजाची तिरपी चाल एकाच वेळी दोन कामं कशी करते ते कळेल. हत्तींचे एंडगेम नंतर.