दिग्रस ते हॅम्बुर्ग, जमेल तेवढं जमिनीवरून

दिग्रसहून विमानाला हात न लावता निघायचं, सोबत एकच दोस्त, आणि २७ डिसेंबरला हॅम्बुर्गच्या केऑस कम्युनिकेशन काँग्रेस या हॅकरांच्या मेळाव्याच्या दारात उभं राहायचं, असा तुमचा बेत. सगळा रस्ता जमिनीवरून सध्या होत नाही, बावा. पाकिस्तानात जायची अटारीची चौकी एप्रिल २०२५ मध्ये बंद झाली. इराणने भारतीयांची बिनव्हिसा सवलत त्याच वर्षी नोव्हेंबरात थांबवली. नेपाळमार्गे तिबेटात शिरावं, तर परवाना आणि वाटाड्या असल्याशिवाय तिथे हलू देत नाहीत. म्हणून मुंबई ते इस्तंबूल विमान घ्या, पुढे रेल्वे. तेवढ्यानेही हौस फिटते.

सगळ्यात जास्त वेळ खाईल ते पासबुक. शेंगेन व्हिसाला, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच चालणाऱ्या व्हिसाला, मागच्या काही महिन्यांचे खाते उतारे लागतात. आपल्याकडे खात्यात पैसा दिसतो तो कापूस विकल्यावर, म्हणजे नेमका अर्जाच्या तोंडावर. तपासणाऱ्याला वाटतं, उसने आणून भरले. तेव्हा जिनिंगची काटापट्टी, बाजार समितीची हिशोबपट्टी जपून ठेवा आणि त्या तारखेच्या नोंदीसोबत जोडा. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, त्यामुळे बाबांचं रिटर्न नसेल तर सातबारा आणि आठ-अ इंग्रजी भाषांतरासह द्या. आमच्याकडे पैसा हंगामाला येतो, रोज नाही, हे एका कागदावर सरळ लिहा. खर्च बाबा करणार असतील तर त्यांच्या सहीचं पत्र. मामाकडून दोन लाख आणून चार दिवस खात्यात ठेवायचा सल्ला गावात हमखास मिळतो. ऐकू नका.

फी ९० युरो, विमा किमान ३०,००० युरोंचा. मुख्य मुक्काम जर्मनीत, म्हणून अर्ज जर्मनीकडे. 'हॅकर' शब्दाला घाबरून फिरायला जातो म्हणू नका; संगणक सुरक्षेचा मेळावा आहे, १९८४ पासून भरतो, असं लिहा आणि मेळाव्याचं तिकीट जोडा. तिकिटं हिवाळ्याच्या तोंडावर निघतात आणि भराभर संपतात, त्यामुळे व्हिसाची अपॉइंटमेंट आधीच धरून ठेवा. व्हिसा इस्तंबूलला उतरण्याआधीच सुरू होईल अशी तारीख मागा, कारण तुर्कस्तानचा ई-व्हिसा तुम्हाला चालू शेंगेन व्हिसाच्या जोरावर मिळणार.

इस्तंबूलच्या हल्कली स्टेशनवरून रात्रीची गाडी सोफियाला जाते. कापिकुलेला, तुर्कस्तान-बल्गेरियाच्या सीमेवर, झोपेतून उठवून सगळ्यांना खाली उतरवतात, पासपोर्टच्या रांगेत. जाड जाकीट बॅगेच्या तळाशी कोंबू नका. पुढे रूसेला डॅन्यूब ओलांडून बुखारेस्ट, तिथून रात्रीच्या गाडीने बुडापेस्ट, मग प्राग-बर्लिनवरून हॅम्बुर्ग. नकाशात सर्बियातून वाट जवळची दिसते. पण सर्बिया शेंगेनमध्ये नाही, आणि एकदाच प्रवेशाचा व्हिसा असेल तर तिथे शिरलात की तो संपला. बल्गेरिया आणि रोमानिया १ जानेवारी २०२५ पासून जमिनीच्या सीमेवरही शेंगेनमध्ये आले, म्हणून ही लांबची वाट बरी. युरोपातलं रेल्वे वेळापत्रक डिसेंबरच्या मध्यावर बदलतं; ऑक्टोबरात पाहून ठेवलेली गाडी निघण्याआधी पुन्हा तपासा. २४ तारखेच्या दुपारपासून जर्मनीत दुकानं बंद, २५-२६ सुट्टी. पिशवीत खायला असू द्या.

पण त्या पिशवीत संत्री नकोत. बाहेरून युरोपात फळं न्यायला रोपस्वास्थ्याचा, म्हणजे कीड-रोग नसल्याचा, दाखला लागतो. केळी, नारळ, खजूर, अननस आणि डुरियन तेवढे सुटतात. दुधाचे पदार्थ तर बंदच, म्हणजे खव्याची संत्रा बर्फीही घरीच. चिवडा आणि जवसाची चटणी न्या, पुरते.

व्याख्यानं ऐकायला एवढ्या लांब जायची गरज नाही, ती इंटरनेटवर थेट आणि नंतरही फुकट दिसतात. जायचं ते माणसांसाठी. पोचल्या पोचल्या 'एंजल' म्हणजे स्वयंसेवक म्हणून नाव नोंदवा. दारावर तिकिटं तपासा, स्वयंपाकघरात भाज्या चिरा, पडेल ते करा. तुमच्यासारख्या बुजऱ्या पोरांना ओळखी करायला याहून सोपा रस्ता नाही. विचारल्याशिवाय फोटो मात्र कोणाचाच काढू नका, तिथे ते अजिबात खपत नाही.

आणि दोघांपैकी एकाचाच व्हिसा आला तर त्याने एकट्याने जायचं की नाही, हे आत्ताच बोलून घ्या. अर्ज वेगवेगळे तपासतात, एकाला हो आणि दुसऱ्याला नाही असं होतं. अर्जाला विमानाचं नुसतं आरक्षण चालतं. पैसे भरून तिकीट दोन्ही पासपोर्ट हातात आल्यावरच काढा.