मॉडरेटरच्या निवडणुकीला नाव देताना नुसतं वर्ष पुरेल का?

तुम्ही विचारलंय की ऑनलाइन समूहातल्या पोस्टवर देखरेख ठेवणाऱ्या मॉडरेटरच्या निवडणुकीला ‘2025 ची निवडणूक’ म्हणावं की ‘तिसरी निवडणूक’, आणि एकाच वर्षात दोनदा मतदान घ्यावं लागलं तर काय करावं. भाऊ, वर्ष हवंच, पण पहिल्या निवडणुकीपासूनच त्याला महिना जोडा.

मी नागपुरात राहून संत्रा बागायतदारांचा एक ऑनलाइन समूह सांभाळतो. काटोल, नरखेड, वरूडकडची मंडळी त्यात आहेत. आमच्याकडे शीर्षक असतं ‘मॉडरेटर निवडणूक, ऑगस्ट 2024’. कारण मधेच कुणी पद सोडतं आणि पोटनिवडणूक लागते. नुसतं 2024 लिहिलेलं असेल तर पहिलीचंही नाव मागाहून बदलावं लागतं, आणि तोवर ते जुन्या चर्चांमध्ये जागोजागी गेलेलं असतं. बिहारमध्ये 2005 साली विधानसभेची निवडणूक दोनदा झाली, फेब्रुवारीत आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात. ‘बिहार 2005’ म्हटलं की आजही विचारावं लागतं, कोणती? इंग्रजी विकिपीडियावर संपादकांमधले वाद मिटवणाऱ्या लवाद समितीची निवडणूक 2006 मध्ये जानेवारीत झाली आणि पुन्हा डिसेंबरात. तिथे नावातच महिना आहे, म्हणून घोळ नाही.

महिना कोणता? मतदान सुरू होतं तो. अर्ज डिसेंबरात आणि मतदान जानेवारीत असेल, तर जानेवारीच लिहा. आणि तारीख पक्की होईपर्यंत नाव देऊच नका, ‘आगामी निवडणूक’ एवढंच ठेवा. आपल्या नागपूर महापालिकेची मुदत 2022 मध्ये संपली, प्रशासक आले आणि निवडणूक लांबतच गेली. आधीच ‘2022’ छापून ठेवणाऱ्याची पंचाईतच झाली असती.

क्रमांकाची बाजूही खरी आहे. 94 वं साहित्य संमेलन नाशिकला मार्च 2021 मध्ये ठरलं होतं, कोरोनामुळे डिसेंबरात झालं, क्रमांक मात्र तोच राहिला. पण 80 वं कधी झालं विचारा, आपल्याच नागपुरात झालेलं असूनही 2007 हे साल चटकन आठवत नाही. क्रमांक लिंकमध्ये असू द्या. स्टॅक एक्स्चेंज या प्रश्नोत्तरांच्या साइटवर असंच असतं, पत्त्यात अनुक्रमांक आणि शीर्षकात वर्ष.

हे सगळं मी मनापासून सांगतोय, कारण नाव शोधायला येतो तो माणूस निवडणुकीच्या वेळी समूहात नसतो. एखादा शेतकरी विचारतो, ‘डिंक्या रोगावरच्या औषधाची माझी पोस्ट गेल्या मृग बहाराच्या वेळी कुणी काढली?’ त्याला त्या काळातले मॉडरेटर लगेच सापडले पाहिजेत. समूहावरचा विश्वास अशाच उत्तरांवर टिकतो. शीर्षकात ‘नवीन’ किंवा ‘यंदाची’ असलं की तो शोधणार कसा?

फाइल जपून ठेवताना मात्र उलटं लिहा, 2024-08 असं. म्हणजे यादी आपोआप क्रमाने लागते.